चौदाव्या पायाचा झटका

मी एक जुना मायक्रोकंट्रोलर आहे. दिसायला काळा, बोटाच्या दोन पेरांएवढा. मला अठ्ठावीस पाय आहेत. मित्रांनो, पाय म्हणजे धातूच्या बारीक पिना. त्यांच्यातूनच मी बाकीच्या यंत्राला हुकूम सोडतो.

एका बाइंडरच्या मुलीने मला कामाला लावलं. पुस्तकांच्या कडा कापायचं जड पातं ओढून ओढून तिच्या बाबांचा खांदा कामातून गेला होता. सुट्टीत घरी आली तेव्हा तिने पात्याला मोटर जोडली आणि मोटरची सूत्रं माझ्या चौदाव्या पायाकडे दिली. बाबांनी बटण दाबलं की मी हुकूम द्यायचो आणि पातं सर्रकन खाली यायचं. येईल त्या गिऱ्हाइकाला बाबा सांगायचे, "माझ्या लेकीने केलंय हे!" ते ऐकून मी नुसता फुलून जायचो.

एके दिवशी दुपारी वीज गेली. बाबा पात्याखालचा गठ्ठा नीट करत होते, तेवढ्यात वीज परत आली. बटणाला कुणाचा हातही लागला नव्हता, तरी पातं झटक्याने चार बोटं खाली आलं. बाबांच्या अंगठ्याचं नख तासलं गेलं. नशीब, तेवढ्यावरच निभावलं.

त्यांनी मला बंद केलं, वर फडकं टाकलं आणि पुन्हा हाताने पातं ओढायला लागले. लेकीला मात्र काही कळवलं नाही. मला फार लाज वाटत होती, पण मी काय चुकलो हे माझं मलाच कळत नव्हतं.

चार महिन्यांनी ती आली. आल्या आल्या तिने फडकं उचललं. "बाबा, हे बंद का?"

"असंच. हाताची सवय आहे ना मला."

तिने अंगठ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. शेवटी त्यांना सांगावंच लागलं.

"मला का नाही कळवलंत?"

"तुला वाईट वाटलं असतं गं."

"वाटलं असतं तर वाटलं असतं! बोट गेलं असतं तर?" तिचे डोळे भरून आले.

तिने मोटर सोडवली आणि तिच्या जागी एक छोटा दिवा लावला. वीज चालू केली की दिवा लुकलुकायचा. मग तिने माझ्या प्रोग्रामची पहिलीच ओळ बदलली: चौदावा पाय आधी बंद कर. तरीही दिवा लुकलुकलाच!

दोन दिवस ती त्याचं कारण शोधत बसली होती. मग तिने माझं रीसेटचं बटण दाबून धरलं. ते दाबलेलं असलं की माझा प्रोग्राम सुरूच होत नाही. तशात तिचा दुसरा हात चौदाव्या पायाच्या तारेजवळ गेला आणि दिवा मिणमिणला.

"बाबा, सापडलं! हा जागा व्हायच्या आधी या पायाला कुणाचाच हुकूम नसतो. तो अधांतरीच राहतो. मग आसपासच्या विजेच्या बारीकशा लहरीनेही मोटर हलणार. चूक याची नाही, माझी आहे."

तिने त्या पायापासून ग्राउंडच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या, तारेपर्यंत दहा हजार ओहमचा एक रोधक (रेझिस्टर) जोडला. आता मी जागा होईपर्यंत तो माझा पाय खाली, म्हणजे बंदच, धरून ठेवतो. तिने पन्नास वेळा वीज चालू-बंद केली. दिवा एकदाही लुकलुकला नाही. मग मोटर जोडून, पात्याखाली कोरा गठ्ठा ठेवून, पुन्हा पन्नास वेळा. पातं जागचं हललं नाही.

"तरी वीज गेली की आधी मुख्य बटण बंद करायचं, मगच हात घालायचा," तिने बजावलं. बाबांनी मान डोलावली.

मित्रांनो, आपल्या माणसाने केलेल्या वस्तूत खोट दिसली, तर ती फडक्याखाली झाकू नका. त्याला सांगा. त्याला वाईट वाटेल, पण तो दुरुस्तही करील.

परवा बाबांनी लेकीला फोन लावला आणि तो यंत्राजवळ धरला. "ऐक गं जरा. आज मोटर थोडी कुरकुरतेय. बहुतेक तुझंच काहीतरी चुकलंय!"

पलीकडून ती खळखळून हसली. "थांबा, बंद करा आधी. रविवारी येते."