पेन्सिलीच्या तारखा

माझी बायको विमल जाऊन सव्वा महिना झाला, आणि या सव्वा महिन्यात पंचशीलाने, माझ्या लेकीने, मला वैताग आणला. गोळी घेतली का, भाकरी अर्धीच का खाल्ली, विहिरीकडे एकटे कशाला गेलात. निंबर्ग्यात साठ वर्षे काढली मी. विहिरीच्या वाटेवर हरवेन काय?

ती कलबुर्गीला संशोधन करते. अंड्यातल्या पिलाचे स्नायू कसे तयार होतात, यावर. शेवटचा प्रयोग राहिला होता. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी बजावले होते, गुरुवारी तीन, सहा आणि नऊ दिवस उबवलेली अंडी घेऊन ये, नाहीतर तुझी जागा दुसऱ्याला देते. म्हणून तिने विमलच्या, उबवायला बसलेल्या दोन खुडूक कोंबड्यांखाली तीन खेपांत अंडी ठेवली आणि प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख घातली.

बुधवारी सकाळी मी सगळी अंडी राख लावून ओल्या फडक्याने पुसली आणि प्रत्येकावर कोळशाची रेघ ओढली. विमल तसेच करायची. मधेच दुसऱ्या कोंबडीने अंडे घातले तर रेघ नसलेले लगेच ओळखू येते. आता विमल नाही, तर मी केले.

“अप्पा, हे काय केलात?”

“तुझी आई करायची ते.”

“तारखा होत्या त्याच्यावर!”

“मग सांगायचं व्हतं. मी काय कोंबडीखाली कॅलेंडर बघाय जातो व्हय?”

मला वाटले, आता भांडेल. ती खाली बसली आणि म्हणाली, “जाऊ द्या. बरंच झालं. आता मी जातच न्हाई.”

ते इतके सहज म्हणाली की माझे डोकेच फिरले.

“कामून जात न्हाईस?”

“तुमच्याजवळ कोण हाय?”

“चार वर्षं तुझ्या आईनं मांडीवर टोपलं धरून बसगाडीनं तुला अंडी पोचवली, ती तू मला राखावं म्हणून व्हय?”

मग मला आठवले. एकदा तुरी निवडताना तिने विमलला समजावले होते. पिलाच्या पाठीजवळ पेशी एकमेकींना चिकटून असतात. त्यांच्या अंगावरच धरून ठेवणारा पदार्थ असतो. काही पेशी ती पकड सोडून पायाकडे सरकतात, तिथे पुन्हा एकमेकींना धरतात, एकजीव होतात, तेव्हा स्नायूचा धागा बनतो. विमलने विचारले होते, “आन् सोडलंच न्हाई तर?” पंचशीला म्हणाली होती, “पाय व्हतो आई, पर त्यात स्नायू न्हाई.”

“तूच सांगितलीस ना आईला?” मी म्हणालो. “जागा सोडली न्हाई तर पायात जोर न्हाई म्हणून.”

“अप्पा, मी काय अंड्यातली पेशी हाय का?”

“न्हाई. खुडूक कोंबडी हायेस. उठवाय गेलं की टोचतीस. ऊठ, बॅटरी आण.”

धान्याच्या खोलीचे दार लावून अंधार केला. तीस वर्षे विमल अंडी उजेडावर धरायची आणि मी कंदील, नंतर बॅटरी धरायचो. लाल कोळ्यासारखा ठिपका, तो तीनच्या खेपेचा. नसांचे जाळे आणि काळा डोळा, तो सहाचा. अर्धे अंडे काळे आणि आत हालचाल, तो नऊचा.

“हे सहाचं,” ती म्हणाली.

“नऊचं. डोळे फुटले का तुझे? हलायलंय बघ.”

तिने नीट पाहिले आणि कोळशाच्या रेघेशेजारी पेन्सिलीने तारीख घातली. एक अंडे वांझ निघाले. बाकी सगळ्यांत पिलू धरले होते.

गुरुवारी बसच्या खिडकीतून ती म्हणाली, “गोळी घ्या.”

“टोपलं सरळ धर.”

घरी आलो तर दोन्ही कोंबड्या रिकाम्या डालग्यात बसलेल्या. उचलून अंगणात सोडल्या. परत आल्या. पुन्हा उचलल्या, पुन्हा आल्या. माझे हात टोचून लाल झाले. शेवटी ते वांझ अंडे एकीखाली सारले आणि दार ओढून घेतले.

दुपारी फोन वाजला. “अप्पा, जेवलात का?”

“पोचलीस का ते आधी सांग!”

“एक फुटलं. बाकीची चांगली हायेत.”

“किती दिसांचं फुटलं?”

“नऊचं.”

“सांगितलं व्हतं सरळ धर म्हणून,” मी ओरडलो आणि भाकरीचे ताट पुढे ओढले.