चौकातले बाक

गल्लीकरांनी वर्गणी काढून मोकळ्या चौकात बाक बसवले आणि ओस पडलेल्या दुकानांत पुन्हा गिऱ्हाईक येऊ लागलं. ती जागा बळकावायला एका सकाळी गुंड सळया घेऊन आले. पहिला बाक फुटताच न्हावी मध्ये पडला. सळई मनगटावर बसली, हाड कडकन मोडलं.

त्याची बायको किंचाळली तशी सगळी गल्ली धावली. गुंडांना रक्त ओकेपर्यंत तुडवलं. बाकीचे पळाले; खाली पडलेल्या एकाच्या डोक्यावर शिंप्याने वीट उगारली.

न्हाव्याने धड हाताने त्याला मागे ओढलं. "बास! इथे मुडदा पाडलास तर उद्या इथे बसायला कोण येईल?"

शिंप्याने शिवी हासडली, पण वीट बाजूला टाकली.

न्हाव्याला पुन्हा वस्तरा धरता आला नाही. दुकान आता बायको चालवते, आणि तिच्याकडे गर्दी जास्त असते.