आईवरचं टिंब

तिनं शेवटची कुंडी उलटी केली, उघडाबोडका देठ मातीसकट काळ्या पिशवीत कोंबला आणि पिशवीला अशी करकचून गाठ मारली, जणू आतून कुणी पळूनच जाणार होतं. बाकावर आता कुंड्यांचे ओले गोल डाग तेवढे उरले. पंधरवड्यापूर्वी तिथं सोळा कुंड्या होत्या, जर्दाळू रंगाच्या दुहेरी इम्पेशन्सच्या. तेरड्याच्याच घराण्यातलं झाड, पण भलतं नाजूक. पानांखाली पांढरी भुकटी दिसली काय, आठ दिवसांत पानं गळून नुसत्या काड्या उभ्या राहिल्या काय.

"सगळ्या मदर गेल्या?" नवऱ्यानं ग्रीनहाऊसच्या दारातूनच विचारलं. ज्या झाडावरून कटिंग घ्यायच्या, त्या झाडाला त्यांच्या धंद्यात मदर म्हणत.

"सगळ्या."

"मग बी वगैरे?"

"एवढी वर्षं झाली, अजून बी विचारताय! हे दुहेरी फूल कधी बी धरतं का? कटिंगवरच जगतं ते."

त्यानं डोकं खाजवलं. "चिमीकडे आहे की एक. लग्नानंतर जाताना दिली होतीस."

"चिमीकडे नाही," ती हातमोजे ओढून काढत म्हणाली. "चिमीच्या सासूकडे."

नवरा हसला आणि शहाण्यासारखा निघून गेला. हा विषय निघाला की बायकोच्या अंगाचा तिळपापड होतो, हे त्याला पाठ होतं.

तो जर्दाळू रंग तिचा होता. चिमी पोटात असताना एका साध्या गुलाबी झाडावर एकच फांदी वेगळ्या रंगाची फुलली. तिनं ती कापून रुजवली, वाढवली, तिच्यापासून पुढची केली. हा रंग दुसऱ्या कुणाकडे नव्हता. चिमी कटिंग घ्यायला शिकली तीही त्याच झाडावर. आणि आता रंग नि लेक, दोन्ही एकाच बाईच्या घरात जाऊन बसले होते.

तशी ती बाई वाईट नव्हती, हेच तर दुखणं होतं. शाळेतून निवृत्त झालेली, मोजकं बोलणारी. कशावरून भांडावं म्हटलं तर कारण सापडत नसे. पण चिमीचा फोन आला की सुरू व्हायचं: आईंनी हे केलं, आईंना ते आवडतं, आईंच्या हातचं अमुक. ती एका हातानं फोन कानाला धरायची आणि दुसऱ्या हातानं चांगली हिरवी पानंसुद्धा खुडून टाकायची. एकच गोष्ट तिला धीर द्यायची. सासू होती 'आईं', टिंबवाली, 'तुम्ही'वाली. नुसती 'आई', 'अगं आई', ती जगात एकच होती. त्या एवढ्याशा टिंबावर तिनं तीन वर्षं काढली होती.

दुसऱ्या दिवशी ती ब्लेड, ओलं फडकं आणि प्लॅस्टिकचा डबा घेऊन विहीणबाईंच्या दारात उभी राहिली. चिमी कामानिमित्त चार दिवस परगावी होती, जावई ऑफिसात.

"या या, विहीणबाई. बसा, चहा टाकते," म्हणत विहीणबाई वळल्या. तीही मागोमाग स्वयंपाकघरात गेली. चहा उकळतोय तोवर कप आणायला विहीणबाई बाहेर गेल्या, आणि हिची नजर फ्रिजवर पडली.

लोहचुंबकाखाली एक चिठ्ठी होती. खालचा भाग दुमडलेला. अक्षर चिमीचं, उजवीकडे कललेलं. नवऱ्यासाठी लिहिलेलं दिसत होतं.

*आईला सकाळी अर्धा ग्लास पाणी, विसरू नकोस. आईला दुपारचं ऊन नको. संध्याकाळी दोन मिनिटं तरी आईशी बोल.*

तिनं चिठ्ठी पुन्हा वाचली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. आईला. आईशी. टिंब नव्हतं. एकदाही नव्हतं. अर्धा ग्लास पाणी! गोळ्यांबरोबर असेल. मला गेल्या महिन्यात ताप होता तेव्हा कुणी लिहिलं असं?

विहीणबाईंनी चहा पुढं केला. हिनं दोन घोटांत संपवला, जीभ भाजली तरी.

"झाड बघू," ती म्हणाली.

झाड बैठकीच्या खिडकीत होतं, पूर्वेच्या कोवळ्या उजेडात. ते बघून तिचं आणखीनच बिनसलं. तिच्या ग्रीनहाऊसमध्ये एकही झाड इतकं भरलेलं नव्हतं. शेंडे वेळेवर खुडलेले, सगळ्या बाजूंनी सारखं, वर पंधरावीस जर्दाळू फुलं. कुणीतरी कुंडी नेमानं फिरवत होतं.

"छान ठेवलंय," ती म्हणाली. आवाज असा निघाला, की कुणाला वाटावं नावं ठेवतेय. "तुम्हाला सगळंच छान ठेवता येतं. झाडं, माणसं. आमच्या लेकीनं तर शुद्धलेखनही सोडलं तुमच्यासाठी."

"म्हणजे?"

"आईला काय, आईशी काय! वाचलं मी फ्रिजवर. टिंब गेलं ते गेलंच, आम्हाला कळवायचं तरी."

बोलून गेल्यावर तिचे कान तापले. विहीणबाई वळल्या. आत गेल्या, चिठ्ठी घेऊन आल्या आणि दुमडलेला भाग उलगडून तिच्या हातात दिली.

*पिवळी पानं दिसली तर खुड. कुंडी रोज थोडी फिरव.*

ती बघतच राहिली.

"ही आई," विहीणबाईंनी कुंडीकडे बोट केलं. "तुमच्यात मदर की काय म्हणतात ना? तुमच्याकडून आली म्हणून तिनं नाव ठेवलंय. मी आपली आईं. टिंबासकट."

हिला हसू फुटणार होतं, पण विहीणबाई हसत नव्हत्या.

"तेहेतीस वर्षं शाळेत होते. पोरांच्या वह्यांत राहिलेली टिंबं लाल शाईनं देत आले. आता एकच टिंब आहे, ते गळावं म्हणून वाट बघतेय. पण लेक तुमची पक्की आहे हो. चुकत नाही." त्यांनी खिडकीच्या कठड्यावरची नसलेली धूळ पुसली. "सकाळी उठली की आधी इथं. 'काय गं आई, झोप झाली का?' मी तिथं खुर्चीत बसलेली असते. खरं सांगू? एकदा मी हिला पाणीच घातलं नाही. तीन दिवस. मुद्दाम."

"मग?"

"मग काय, हिनं मान टाकली. अशी लोळली, की माझीच घाबरगुंडी उडाली. बादलीत बुडवून ठेवली, बाजूला स्टूल घेऊन बसले. तासाभरात उठली. तेव्हापासून पाणी मीच घालते. चिठ्ठी त्याच्यासाठी लिहिते ती, माझ्यावर कुठं सोडणार! पण तो विसरतो."

हिला आनंद झाला. लपवायचं कशाला, उकळ्याच फुटल्या. आपण जिंकलो, आणि तेही इतक्या फरकानं! त्या भरात तिनं ब्लेड काढलं, पेराच्या जरा खाली एकेक शेंडा कापला. विहीणबाईंनी कुंडी दोन्ही हातांनी धरली होती. सहा कापून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "पुरे ना? ती आल्यावर विचारेल मला."

पुरे, म्हणाली ती. कटिंग ओल्या फडक्यात गुंडाळल्या.

परतीच्या बसमध्ये डबा मांडीवर होता. अर्ध्या वाटेपर्यंत आनंद टिकला. मग डोळ्यांपुढं बादली आली, आणि बादलीजवळचं स्टूल. तिनं डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला, पण बादली काही हटेना.

ग्रीनहाऊसमध्ये तिनं लांबचा, स्वच्छ धुतलेला बाक निवडला. ट्रेमध्ये ओलं कोकोपीट भरलं, काडीनं सहा भोकं पाडली. खालची पानं काढली. आता फुलं राहिली. प्रत्येक शेंड्यावर एखादं उमललेलं फूल, एकदोन कळ्या. ती खुडावीच लागतात, नाहीतर सगळा जीव फुलाकडे जातो आणि मूळ फुटत नाही. लहानपणी चिमी इथंच रडायची. एक तरी ठेव गं, आई.

पाच शेंडे साफ करून तिनं ट्रेमध्ये खोचले. सहावा हातात असताना फोन वाजला.

"आई, गेली होतीस? आईंनी दिल्या ना कटिंग?"

तिनं फोन खांद्यात धरला. त्या फुलाकडे बघितलं. रंग अगदी तोच होता.

"आईनं दिल्या," ती म्हणाली.

"कुणी?"

"आईनं."

"अगं, कुठल्या आईनं?"

"तिथल्या."

चिमीचा आवाज लहान झाला. "आई? काय करतेयस?"

"काही नाही गं," ती म्हणाली. "फूल खुडतेय."