सोनालीचं पान

"तो फ्रॉक गुलाबी नव्हता."

वर्षा चहा घेऊन कधी मागे येऊन उभी राहिली, ते हेमराजला कळलंच नव्हतं. त्याने घाईघाईने कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं चित्र बंद करायला हात हलवला, पण उशीर झाला होता. सोनाली पडद्यावर होती. गेल्या वर्षी पुराचं पाणी लिंबायत वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत शिरलं, तेव्हा अल्बम भिजला होता आणि फोटोंचे रंग उतरले होते. हेमराज ठिपक्या-ठिपक्याने ते परत भरत होता.

"पोपटी होता," वर्षा म्हणाली. "गळ्याला पांढरी लेस. बारडोलीला माझ्या आईने शिवलेला." तिने कप टेबलावर ठेवला. "तुम्ही तर म्हणाला होतात, साड्यांचं जॉबवर्क आहे."

हेमराज पांडेसऱ्याच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये डिझाइनर होता. साड्यांचे पदर, किनारी, बुट्टे हे त्याचं काम. आधी तो कागदावर ब्रशने काढायचा. मिलमध्ये कॉम्प्युटर आला तसा त्यावर काढायला शिकला, आणि मग वरचं काम मिळावं म्हणून सुटे भाग जोडून घेतलेला एक कॉम्प्युटर घरीही आणला. त्याची आई, धुरपदाबाई, धूळ बसू नये म्हणून त्यावर आपलं जुनं लुगडं घालून ठेवायची.

सोनाली गेली त्याला दोन पावसाळे झाले होते. ताप डोक्यात गेला आणि पाच वर्षांची पोर दवाखान्यातून परत आली नाही. त्यानंतर घरातली तिघं एकमेकांना जपायला लागली. कुणाला त्रास नको म्हणून कुणीच काही बोलायचं नाही. असं जपता जपता तिचं नाव घरातून निघूनच गेलं.

मग या उन्हाळ्यात हेमराजने घरच्या फोनच्या लाइनवर इंटरनेट जोडून घेतलं. एक कंपनी कुणालाही इंटरनेटवर स्वतःचं पान करायला फुकट जागा द्यायची. त्याने सोनालीचं पान केलं. तिला पंख लावले, मागे ढग घातले, वरून पडणारे तारे टाकले. खाली कुठूनतरी उचललेली इंग्रजी वाक्यं टाकली आणि भेट देणाऱ्यांना लिहायला जागा ठेवली. मस्कतहून एका माणसाने लिहिलं, नागपूरहून एका बाईने लिहिलं. तो मोडक्या इंग्रजीत उत्तरं द्यायचा. आता ते तारे त्याला बटबटीत वाटू लागले होते. पान नव्याने करावं, रंग सौम्य घ्यावेत, असं त्याच्या मनात होतं.

हे सगळं त्याने खाली मान घालून वर्षाला सांगितलं.

"म्हणजे कुठल्या मस्कतच्या माणसाला माझी पोरगी माहीत आहे," वर्षा म्हणाली. "आणि या घरात मी तिचं नाव काढलं की तुम्ही उठून पाणी प्यायला जाता."

ती स्वयंपाकघरात गेली. भांडी जोरात वाजायला लागली. आवाज ऐकून धुरपदाबाई ओट्यावरून आत आली.

"काय व्हयनं रे?"

"काही नाही, आई."

म्हातारीने पडद्याजवळ चेहरा नेला. बराच वेळ पाहत राहिली. "हाई ते आपली सोना शे," ती म्हणाली. मग बोट लावून, "हिले पंख कसाले रे?"

"शोभेला."

"मनी सोना ओटावरथून उडी मारे, आन् दाणकन पडे. तिले पंख नव्हतात."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. वर्षा पदराला हात पुसत बाहेर आली आणि स्टूल ओढून हेमराजशेजारी बसली.

"काढा ते पंख."

त्याने एक काढला, मग दुसरा. तारे काढले. ढग पुसले.

"हे काय लिहिलंय?"

"देवाला सुंदर फुलं आधी हवी असतात, असं."

"हेही काढा."

आता पानावर फक्त सोनाली होती, आणि तिच्याभोवती पांढरं. सुटीची दुपार होती. गल्लीतले कापडाचे लूम बंद होते, आणि ते बंद असले की सगळी वस्ती खोल पाण्याखाली गेल्यासारखी वाटायची.

"मग लिहायचं काय?" हेमराजने विचारलं.

वर्षाने पडद्यावरच्या पांढऱ्या जागेकडे पाहिलं. मग एकदम म्हणाली, "ओट्यावर उभी राहून ओरडायची, रिक्षावाल्यासारखी. 'लिंबायत, लिंबायत, एक सीट!' एकदा खरंच एक माणूस येऊन विचारायला लागला, रिक्षा कुठाय म्हणून."

धुरपदाबाई तोंडाला पदर लावून हसली. "माले धुपाबाई म्हने. सासूसारखी हाक मारे, धुपाबाई, पानी आन!"

"आणि तिचं ते स्वप्न," वर्षा म्हणाली.

"कुठलं?"

"तुम्हाला नाही सांगितलं तिने? नदीच्या तळाशी एक गिरणी आहे. तिथे मासे साड्या विणतात. शेपटीने मागाचा धोटा मारतात, इकडून तिकडे. पाळी सुटली की सगळे मासे एका रांगेत घरी जातात." वर्षाचा आवाज अगदी हळू झाला होता. "रोज सकाळी पुढचं सांगायची. पुराचं पाणी घरात आलं ना, तेव्हा खाटेवर बसून मी पाण्याकडे बघत होते. मला तेच दिसत होतं. तुम्हाला सांगणार होते."

हेमराज उठला नाही. त्याने डोळे पुसले, तेही लपवलं नाही.

त्या दिवसापासून पान पुन्हा घडायला लागलं. मिलमधून आला की हेमराज बसायचा. त्याने पानाला किनार काढली, शेपटीने धोटा मारणाऱ्या माशांची. मराठी अक्षरं लोकांच्या कॉम्प्युटरवर उमटत नसत, म्हणून त्याने एकेक अक्षर बुट्ट्यासारखं हाताने काढलं. वर्षा भाकरी थापता थापता आतून सांगायची, "पाटीवर नाही, फरशीवर लिहायची." धुरपदाबाई मेथी निवडता निवडता म्हणायची, "सोनानं ते लिख, गूळ चोरे ते." भाकरी निवायच्या, भाजी करपायची. शेजारच्या सरलाबाई एकदा वाटीभर साखर मागायला आल्या आणि घरातलं हसणं ऐकून दारातच थबकल्या.

एकाच गोष्टीवरून खटका उडाला. लोकांनी लिहायची जागा वर्षाला नको होती.

"त्या नागपूरच्या बाईचा मुलगा गेलाय," हेमराज म्हणाला. "तिच्या घरीही कुणी बोलत नसेल."

वर्षा भाकरी थापायला उठून गेली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "त्यांना विचारा, तो काय खोड्या करायचा."

एका रविवारी सकाळी पान तयार झालं. हेमराजने ते इंटरनेटवर चढवलं, आणि बाहेरच्या माणसाला दिसेल तसं ते पाहायला तिघं पडद्यासमोर बसली. आधी मासे आले. मग सोनालीचा फोटो वरून खाली, एकेक ओळ करत यायला लागला. केस आले. कपाळ. मग भुवया आणि डोळे, मिटायच्या बेतात असलेले, कारण ती हसत होती.

तेवढ्यात फोनची लाइन तुटली. फोटो नाकापाशी थांबला. खाली नुसतं पांढरं राहिलं.

"थांब, परत जोडतो," हेमराज म्हणाला आणि पुढे वाकला.

वर्षाने त्याचा हात धरला.

"राहू द्या थोडा वेळ," ती म्हणाली. "एवढी आलीय ना."

धुरपदाबाईने कमरेला खोचलेली घराची किल्ली काढून बाजूला ठेवली आणि मांडी घालून नीट बसली, बऱ्याच दिवसांनी कुणी घरी आल्यावर बसावं तशी.