आईची दृष्ट

आमच्याकडे पक्की समजूत आहे: बाळाला सगळ्यांत वाईट दृष्ट आईचीच लागते. त्यामुळे मी मुलीकडे बघत नाही, याचं हिंदी मुलखातल्या आमच्या थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये कौतुकच झालं. "आमची मधुवंती फार समजूतदार हो," सासूबाई शेजारच्या शालिनीताईंना सांगायच्या, "पाजतानासुद्धा भिंतीकडे बघते. नाहीतर आजकालच्या मुली, दिवसभर फोटो काढत बसतात."

समजूतदार कसली डोंबलाची! मला तिच्याकडे बघवतच नव्हतं. ती रडली की वाटायचं, कुणाचं तरी मूल रडतंय, उचलेल कुणीतरी. दूध, लंगोट, तीट, सगळं मी करायची, पण मुकाट्यानं. डिंकाच्या लाडवांनी अंगात बळ येतं म्हणे. मला अंघोळीचा तांब्या उचलवत नव्हता.

एकदा धीर करून नवऱ्याला म्हटलं, "शंतनु, मला ही आपली वाटतच नाही रे. कधीकधी वाटतं, मरून जावं."

"अरे यार, थकली आहेस तू. सबको होता है," तो बूट काढत म्हणाला. "आई आहे ना करायला?" मग त्याने चहा मागितला. मला त्याच्याहून माझाच राग आला, कारण मी उठून चहा केला.

साडेतीन महिन्यांच्या लसीला सासूबाई बरोबर आल्या. नर्सने मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं. "माँ को देखकर हँसती है?"

मी पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. हनुवटी थेट माझ्या आईची. हे मला माहीतच नव्हतं. "बाळा," मी म्हटलं. तिने मान फिरवली. मी त्या बाजूला वाकले, तर तिने दुसरीकडे फिरवली. रडली नाही की कुरकुरली नाही, नुसती पंख्याकडे बघत राहिली.

"बहुत सीधी बच्ची है," सासूबाईंनी परस्पर उत्तर दिलं. "बिल्कुल तंग नहीं करती."

नर्सने कार्डावर खूण केली. ओरडून सांगावंसं वाटलं, ती गुणी नाहीये हो, तिने माझा नाद सोडलाय. पण मी सुईसाठी तिचं झबलं वर केलं.

सुई टोचली तशी ती किंचाळली आणि मान वळवून सासूबाईंचा आवाज शोधू लागली. त्यांनी तिला उचलून घेतलं. क्षणात ती गप्प झाली.

माझी मांडी रिकामी झाली. आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं.