मागच्या चाकांची गाडी

फियाट विकायला काढली आणि दर रविवारी आमच्या घरी पोहे सुरू झाले. गिऱ्हाईक यायचं, सोफ्यावर बसायचं, आणि आमचे हे त्याला विचारायचे, गाडी उभी करायला शेड आहे का? रोज पुसणार कोण? घरात लहान मुलं आहेत का, चिकट हातांची? मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि कढईत उलथनं आपटायची. शेवटी एकदा बाहेर येऊन विचारलंच, अहो, गाडी विकताय की मुलगी देताय? तर म्हणे, "तसंच समज."

हे म्हणजे मधुकर, बँकेतले अधिकारी. आम्ही मूळचे नाशिकचे, पण सुरतेत आठवालाइन्सला इतकी वर्षं काढली की आता मी भाजीवाल्याशी गुजरातीत भांडते आणि ह्यांच्याशी मराठीत. माणूस वाईट नाही हो. पण जपतो. इतकं जपतो की जीव नकोसा होतो. काचेचा डिनर सेट आमच्या लग्नातला, अजून खोक्यात आहे. चांगल्या चादरी पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे आले की त्यांना म्हणे त्यापेक्षा सतरंजी बरी वाटते.

फियाटचं तेच. दार हळू लावायचं, चपला झटकून बसायचं, आत शेंगदाणासुद्धा खायचा नाही. ओहोटीला अख्खं सुरत डुमसच्या वाळूत गाड्या घालतं, पार पाण्याजवळ नेऊन उभ्या करतं, टपावर पोरं बसवून टमेट्याची भजी खातं. आमची गाडी मात्र वर डांबरी रस्त्यावर. खाऱ्या वाळूनं तळ सडतो म्हणे. मग आम्ही तिघं उन्हात चालत पाण्यापर्यंत जायचो. आमची मानसी लहानपणी विचारायची, "बाबा, आपली गाडी समुद्राला घाबरते का?"

आणि त्यांचा तो उजवा पाय! दुसरं कुणी गाडी चालवत असलं आणि हे शेजारी बसले, की तो पाय खालच्या पत्र्यावर दाबलाच जातो. तिथे ब्रेक नसतो, काही नसतं, तरी दाबतात. मानसीनं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून लायसन काढलं. फियाटच्या जागी मारुती घ्यायचं ठरलं, ती दारात आली, तेव्हा एकदाच मानसीच्या हातात दिली. आठवागेट येईपर्यंत ह्यांनी इतक्या वेळा पाय दाबला आणि इतक्या वेळा "अगं, अगं!" केलं की पोरीनं गाडी कडेला घेतली, किल्ली ह्यांच्या हातात ठेवली आणि रिक्षानं घरी आली. त्यानंतर तिनं स्टेअरिंगला हात लावला नाही.

त्याच मानसीला आता बंगलोरला नोकरी लागली होती. कॉम्प्युटरची, चांगल्या कंपनीत. येणार की नाही, हे सोमवारपर्यंत कळवायचं होतं. ह्यांचं उत्तर ठरलेलं, नाही. एकटी मुलगी, अनोळखी गाव, रात्री काही झालं तर दार कुणाचं वाजवायचं? सुरतेत काय नोकऱ्यांचा दुष्काळ पडलाय? मानसी भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती गप्प झाली. जेवताना ताटाकडे बघून जेवायची. मला तिच्या त्या गप्प बसण्याची भीती वाटायची. लग्नानंतर शाळेतली नोकरी सोडताना मीही अशीच गप्प बसले होते, आणि ते अजून माझ्या घशात अडकलेलं आहे.

तर फियाट. ती ह्या नोकरीच्या आधीच चेतनला मिळाली होती. उधन्याला मिलमध्ये काम करणाऱ्या भटू नावाच्या माणसाचा हा मुलगा, मूळ धुळ्याकडचा. साड्यांसाठी पुठ्ठ्याची खोकी बनवायचं त्याचं स्वतःचं छोटं काम. पोरगा तोंडाचा गोड. पोहे खाल्ले, बशी स्वतः आत आणून दिली, मग सरळ गाडीखाली आडवा झाला. मागच्या चाकांच्या मधला, त्यांना फिरवणारा तो लोखंडी गोळा हातानं थोपटला आणि वाळूत लोळल्यासारखा कपडे झटकत उठला.

"काका, मारुती मला फुकट दिली तरी नको. मला मागच्या चाकांची गाडी पाहिजे."

झालं, हे विरघळले. जुन्या गाडीची कदर असलेला एक तरी तरुण निघाला! गाडी कशाला हवी विचारलं तर म्हणाला, आईला फिरवायला. मग काय विचारता. बाकीच्यांपेक्षा कमी किमतीला दिली, वर पुसायची पिवळी फडकी दिली, आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा चष्मा पुसत उभे राहिले. मी म्हटलं, नारळ राहिला द्यायचा.

पुढे महिनाभर शांतता. मग त्या मोलाच्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, शेजारच्या मालतीबाई आल्या. "सुधाताई, तुमची क्रीम रंगाची फियाट कुणाला दिलीत हो? आत्ता डुमसला बघितली. पाण्याजवळ नुसती गोल गोल घसरत होती. पोरं शिट्ट्या मारत होती."

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मारुतीची किल्ली घेतली. मानसीला हाक मारली, ती म्हणाली, मला नाही यायचं. मी मात्र पदर खोचून निघाले. म्हटलं, आज डुमसला काहीतरी तमाशा होणार, तो चुकवायचा नाही.

रस्त्याच्या टोकाला मारुती उभी केली, अर्थात डांबरावरच, आणि चालत खाली गेलो. ओहोटी लागलेली. काळी ओली वाळू, घट्ट, दूरपर्यंत. तिच्यावर चार प्लास्टिकची पिंपं मांडलेली आणि त्यांच्यामधून आमची फियाट येत होती, पण सरळ नाही, आडवी. तोंड एकीकडे, चाल दुसरीकडे. मागची चाकं वाळूचा फवारा उडवत बाहेर निघालेली, आणि गाडी पिंपाभोवती अशी वळली की पिंपाला धक्कासुद्धा लागला नाही. पुढच्या पिंपाला मात्र लागला. ते गडगडत पाण्याकडे गेलं, पोरं ओरडत त्याच्यामागे धावली.

आणि बाजूला, वाळूत, फियाटची मागची सीट. काढून ठेवलेली. तिच्यावर एक नऊवारीतली बाई ऐसपैस बसून शेंगा सोलत होती. टरफलं सीटवर.

ती चेतनची आई, कलाबाई. आम्हाला बघून सरकली, बसायला जागा केली. "या वं बहीन, बठा आठे. मन्हा पोरनी गाडी शे."

"ती सीट," ह्यांनी बोट दाखवलं, "त्या सीटवर आम्ही कधी पाण्याचा ग्लास नाही नेला!"

चेतन गाडी थांबवून पळत आला. तोंडभर वाळू, आणि हसू. ह्यांना बघून हसू मावळलं. हे जे सुटले! विश्वासघात म्हणाले, नालायक म्हणाले, आईला फिरवायला म्हणून नेलीस आणि हे धंदे करतोस?

"आईला फिरवतोच ना काका. आत्ताच दोन चकरा मारल्या तिनं. विचारा."

"भारी वाटस," कलाबाई शेंग सोलत म्हणाली.

"अरे, गाड्या काय कमी आहेत गावात? माझीच कशाला घेतलीस?"

ह्या प्रश्नाचीच वाट बघत असल्यासारखा तो पोरगा खुलला. केबलवर त्यानं जपानी पोरं बघितली होती, घाटात गाड्या अशा आडव्या नेणारी. तेव्हापासून वेड. मग एकेक गाडी पारखली. मारुतीला पुढची चाकं ओढतात, मागची बिचारी मुकाट मागे येतात, ती काही केल्या सुटत नाहीत. मारुती व्हॅनला मागची चाकं ढकलतात खरी, पण पुढे बसलं की गुडघ्यापुढे पत्रा, आईला भीती वाटते. जिप्सी उंच. अँबेसिडर वळते, पण म्हशीसारखी, मनात आलं तर. कंटेसा म्हणजे राणी! लांबलचक, इंजिनात दम, पण पेट्रोल पाजता पाजता खोकी बंद पडतील. "राहिली फियाट. हलकी, मागच्या चाकांनी ढकलली जाणारी. दम कमी आहे, पण ओल्या वाळूत पुरतो. आणि काका, खोटं नाही सांगत, तुमच्यासारखी राखलेली गाडी उभ्या सुरतेत दुसरी नव्हती. एक नट ढिला नाही. म्हणून तर हिच्यावर भरवसा ठेवून सोडता येतं."

हे फियाटभोवती एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "मला गाडी परत पाहिजे."

चेतनचा चेहरा उतरला. पण त्यानं खिशात हात घातला आणि किल्ली पुढे केली. "न्या काका. तुमचा जीव आहे तिच्यात, दिसतंय. फक्त जाण्याआधी काकूंना एक चक्कर मारू द्या."

हे काही म्हणायच्या आत मी म्हटलं, "बसते!"

खरं सांगू? ह्यांना खिजवायला म्हटलं होतं. बसल्यावर दोन्ही हातांनी सीट धरली. चेतननं वेग घेतला, स्टेअरिंग एकदम वळवलं, आणि खालची जमीनच कुणीतरी बाजूला ओढली. आई गं! समोरच्या काचेत समुद्र, मग भजीवाले, मग आमचे हे, मग पुन्हा समुद्र. मी किंचाळले. दुसऱ्या फेरीत कळलं की किंचाळत नाहीये, हसतेय. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते. इतकी वर्षं ह्या सीटवर मी पर्स मांडीवर धरून बसले होते आणि ह्या गाडीला हे येतं, हे मला माहीत नव्हतं. आणि प्रत्येक वेळी काचेत हे दिसले की त्यांचा उजवा पाय वाळूत दाबलेला दिसायचा.

उतरलो, तशी चेतननं किल्ली ह्यांच्या हातात नेऊन दिली. मी ह्यांच्याजवळ गेले. त्यांच्या उजव्या पायाखाली वाळूत वीतभर खड्डा झाला होता आणि त्यात पाणी साचलं होतं. चप्पल भिजली होती, त्यांना पत्ता नव्हता.

"मला वाटलं, गेलीस," एवढंच म्हणाले.

"कुठे जातेय? ही काय, इथेच आहे." मग मला राहवेना. "अहो, तुम्ही घाबरता, कळतं मला. पण मानसीला धरून ठेवलीत तर ती माझ्यासारखी होईल. पर्स मांडीवर घेऊन बसेल जन्मभर. मला नाही तशी मुलगी बघवणार."

कलाबाईनं भज्यांचा कागद पुढे केला. हे त्या सीटवर जाऊन बसले, टरफलांवरच, आणि एक भजं उचललं. तेलाचा थेंब रेक्झिनवर पडला. त्यांनी तो पुसला नाही.

भजं संपवून ह्यांनी चेतनला विचारलं, "मागची बाजू सुटली की सावरतोस कसा?"

"जिकडे ती जाते तिकडेच स्टेअरिंग वळवायचं, काका. उलटं ओढलं की गरगर फिरते."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक मारला की संपलं. मी पहिल्या दिवशी मारला, तोंड पाण्यात. तिथे पाय उचलूनच ठेवायचा."

"भीती वाटते की."

"वाटते ना. मलाही वाटते."

ह्यांनी किल्ली त्याच्या हातात परत ठेवली. "तळाला गोड्या पाण्याचा फवारा मारत जा. दर वेळी," एवढं बजावलं, आणि मारुतीकडे चालायला लागले.

घरी येऊन ह्यांनी भिजलेली चप्पल वाळत घातली. नोकरीचा विषय रात्री जेवतानाही निघाला नाही. मी कूस बदलत पडले होते. सोमवारी सकाळी मानसी बंगलोरच्या कंपनीला बूथवरून फोन करायला निघाली, नाही सांगायला. चपला घालत होती, तेव्हा ह्यांनी वर्तमानपत्राआडून विचारलं, "बंगलोरला थंडी असते का गं? स्वेटर लागेल तुला."

पोरगी दारातच उभी राहिली. मग एक चप्पल पायात, एक हातात, अशी येऊन माझ्या गळ्यात पडली. ह्यांच्या गळ्यात पडायची आमच्याकडे पद्धत नाही. तरी हात लांब करून तिनं त्यांचं वर्तमानपत्र ओढलं.

ती निघाली त्या दिवशी सामान डिकीत भरलं. मी मागे बसले, मांडीवर डब्यांची पिशवी. हे पुढे येऊन किल्ली मानसीसमोर धरून उभे राहिले. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"स्टेशनपर्यंत तूच ने," म्हणाले.

सुरत स्टेशनचा रस्ता तुम्हाला माहीत असेल. हातगाड्या, कापडाचे गठ्ठे, रिक्षा, मधूनच शांतपणे उभी गाय. एक हातगाडीवाला तर एकदम समोर आडवा आला. मानसीनं वेळेवर थांबवली, आणि मी सवयीनं वाट बघितली, आता ह्यांचा पाय दाबला जाणार, आता "अगं, अगं!" येणार.

काहीच आलं नाही. मी दोन सीटांमधून वाकून बघितलं. चपला खाली काढून ठेवलेल्या होत्या, आणि हे त्या एवढ्याशा सीटवर, गुडघे दारात आणि गिअरजवळ कोंबून, मांडी घालून बसले होते. डोळे घट्ट मिटलेले. उजवा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.