हाकेची शेवटची ओळ

दादा डोंगरावर धुक्यात हरवला होता. गावातले लोक त्याला शोधायला वर गेले आणि व्हायोलिन वाजवणाऱ्या धाकट्या भावाने पायथ्याशी जीपच्या टपावर स्पीकर ठेवून आपल्या नव्या अल्बममधली 'हाक' लावली. डोंगरातली ही जुनी धून माणूस सापडेपर्यंत खालून वाजवत राहायची असते.

"हाताला काय लकवा भरलाय? स्वतः वाजव की!" बाबा खेकसले.

"बोटं आखडलीत, बाबा. आणि हा आवाज पार कड्यापर्यंत जातो."

गेला खरा. धून संपली तशी वहिनी मटकन खाली बसली. थोड्या वेळाने शोधणारे एकेक करत उतरू लागले, टोप्या हातात घेऊन.

"कुठे मिळाला?" पुढच्याने हळूच विचारलं.

धाकट्याने वळून स्पीकरकडे पाहिलं. हाकेची शेवटची ओळ फक्त प्रेत मिळाल्यावर वाजवतात, वरच्यांनी परत फिरावं म्हणून. अल्बममध्ये धून अर्धवट वाटायला नको, म्हणून स्टुडिओत त्याने ती मोठ्या हौसेने जोडली होती.

"अरे, फिरा माघारी! जिवंत असेल तो!" बाबा ओरडले.

वहिनीची नजर कड्यावरून हलेना.

"भाऊजी," ती म्हणाली, "ती ओळ त्यांनीही ऐकली असेल ना?"